हद्दीवरचा म्हसोबा

१

म्हसोबा जागेवर नव्हता.

एंजल पाण्याची बादली घेऊन घरामागं आली आणि थबकली. काल संध्याकाळी तर होता की! बाभळीखाली, शेंदरानं माखलेला, कमरेएवढा उंच, एरवी सगळ्या जगावर रुसल्यासारखा उभा असायचा. आता तिथं नुसती सपाट माती होती, वरून फावड्याची पाठ फिरवलेली.

ती दचकली, हातातली बादली कलंडली आणि सगळं पाणी मातीवरून घरंगळत थेट तिच्याच पायावर आलं.

"पप्पा! पप्पा, लवकर या!"

बन्यामीन दात घासता घासताच बाहेर आला. त्यानं बाभळीकडं बघितलं आणि तोंडातली राखुंडी थुंकायचंही विसरला.

आता कुणी म्हणेल, रविवारी चर्चमध्ये जाऊन येशूची गाणी म्हणणाऱ्या घराला म्हसोबाची एवढी काय पडली होती? तर त्याचं असं होतं. भीमा नदी म्हणजे दोन तालुक्यांची हद्द. अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. पण एंजलच्या जन्माच्या कितीतरी आधी एका पुरात भीमेनं कूस बदलली, आणि दौंडच्या जमिनीचा एक तुकडा शिरूरच्या काठाला येऊन चिकटला. त्या तुकड्यावर, उंबरमळी वस्तीच्या टोकाला, बन्यामीनचं घर. जुन्या नदीच्या काठावर इंग्रजाच्या काळात रोवलेला हद्दीचा दगड मात्र जागचा हलला नाही. लोकांनी त्याला शेंदूर फासून म्हसोबा करून टाकला. सरकारी नोकरीत इतकं जोरदार प्रमोशन दुसऱ्या कुठल्या दगडाला मिळालं असेल असं एंजलला वाटत नव्हतं.

आणि मागच्या महिन्यात तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. हे घर शिरूरच्या गायरानावरचं अतिक्रमण आहे, काढून घ्या, नाहीतर आम्ही पाडू.

पण घर तर म्हसोबाच्या नदीकडच्या अंगाला, म्हणजे दौंडात! मग शिरूरच्या साहेबांना ते पाडायचा अधिकार आला कुठून? करुणा वकीलबाईंनी नेमका हाच प्रश्न शिरूरच्या कोर्टात विचारला. कोर्टानं पाडकामाला तात्पुरती मनाई दिली आणि जागा डोळ्यांनी बघून यायला एका वकिलाला कमिशनर नेमलं. नकाशांचा काही उपयोग नव्हता. कागदावर जुनी नदी, जागेवर नवी, आणि मोजणीदार दोनदा येऊन दोन वेगळी मापं देऊन गेलेला. उरला एकटा म्हसोबा. तो जिथं उभा, तिथं हद्द.

कमिशनर उद्या सकाळी येणार होता.

बन्यामीन मटकन पायरीवर बसला. आतून एंजलची आई मार्था म्हणाली, "काय झालं ओ?" तेवढ्यात वस्तीकडून माणसांचा गलका ऐकू आला. गलका जवळ येत होता.

२

सगळ्यात पुढं होता सर्जेराव. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठ्या, खिशात मोबाइल. त्याचा वाळूचा ठेका होता, आणि त्याच्या ट्रकांना नदीत उतरायला सरळ वाट एकच होती. ती बन्यामीनच्या अंगणातून जायची.

"बघा रे बघा! सांगत नव्हतो? यांनीच देव टाकला नदीत!"

"म्या?" बन्यामीन उठला. "सर्जेरावदादा, आवो माझं घर त्याच्या जिवावर उभं हाय. शेजारी व्हता तो माझा. म्या त्याला कशाला टाकीन?"

"तुमाला आमचा देव खुपतोय, दुसरं काय!" मागून कुणीतरी ओरडलं.

एंजलनं तोंडं ओळखली. उद्या कमिशनरपुढं येऊन सांगतो म्हणणारे तिघंही त्यात होते. आता ते तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते. म्हणजे एका दगडात, खरंच एका दगडात, पुरावाही गेला आणि साक्षीदारही!

सर्जेराव पुढं म्हणाला, "आन् तसाबी म्हसोबा इथं नव्हताच. तो खाली, नदीच्या अंगाला व्हता. म्हंजी घर शिरूरातच. आमी कोर्टाला तेच सांगणार."

"मग पप्पांनी इथून टाकला कसा?" एंजलच्या तोंडून निघून गेलं.

सर्जेरावनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बन्यामीन, पोरगी लई शिकवली वाटतं. आवर तिला."

गर्दी पुढं सरकली. त्याच वेळी एंजलला ती खूण दिसली. सपाट केलेल्या मातीच्या कडेला, ट्रॅक्टरच्या चाकोरीजवळ, एक पाऊल उमटलं होतं. पाची बोटं स्पष्ट. कुणाचा तरी पाय त्यावर पडणार एवढ्यात तिनं शेणाचं रिकामं घमेलं उचललं आणि धाडकन त्यावर पालथं घातलं.

"ए, काय करती गं?"

"शेण थापतीय," एंजल म्हणाली. घमेल्यावर ती मांडी घालून बसली ती गर्दी पांगेपर्यंत उठली नाही.

३

दुपारी करुणाताई कायनेटिक स्कूटरवरून आल्या. काळा कोट पिशवीत, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मूळच्या दौंडकडच्या राहू गावच्या, वकिली शिरूरला. माहेरी आंबेडकर जयंतीला त्यांची भाषणं ऐकायला लोक ट्रॉल्या भरून यायचे म्हणे. त्यांनी मार्थाच्या हातचं पाणी घेतलं, सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घमेलं कुठंय?"

एंजलनं घमेलं उचललं. करुणाताई वाकल्या.

"ताई, बघा ना," एंजल घाईघाईनं बोलायला लागली, "बाभळीखाली किती काटे आहेत! इथं बकऱ्यासुद्धा जपून पाय टाकतात. पप्पा अंगणात आले तरी चपला घालतात. आणि हा माणूस अंधारात अनवाणी!"

"आवाज होऊ नये म्हणून?"

"ट्रॅक्टर आणलाय त्यानं! आवाजाची कसली भीती? वाळूच्या गाड्या रात्रभर चालतात, उठून कोण बघतंय!"

करुणाताई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. "मग?"

"आमच्या शाळेतल्या मुली देवळात जाताना..." एंजल मध्येच थांबली. "ताई! त्यानं चपला काढल्या! चोरी करायच्या आधी चपला काढल्या!"

"म्हणजे देवाचा द्वेष करणाऱ्यानं नेला नाही. देवाला भिणाऱ्यानं नेला." करुणाताई कपाळ पुसत खाली बसल्या. "गंमत बघ. तू ख्रिस्ती, मी बौद्ध, आणि दोघी मिळून म्हसोबा शोधतोय. बाबासाहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, घटनेच्या कलमात बसतंय म्हणून."

बन्यामीनला मात्र हसू येत नव्हतं. "वकीलबाई, एक इचारू का? आपलं घर दौंडात हाय असं ठरलं, तर मग शिरूरच्या कोर्टाला तरी आपलं ऐकायचा काय अधिकार? ते सर्जेराव म्हनत व्हतं."

एंजलच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच की! जिंकलो म्हणजेच हरलो?

"ते नाही, सरकारी वकिलांनी तो मुद्दा मांडलाय, आणि चांगला मांडलाय," करुणाताई म्हणाल्या. "पण हद्दच अनिश्चित असेल तर दोन्हींपैकी कुठलंही कोर्ट तसं नोंदवून ऐकू शकतं. तो अडथळा आपण ओलांडला. दुसरा मोठा आहे. कचेरीच्या हुकुमावर नाराज असाल तर एरवी वरच्या साहेबाकडं अपील करायचं, कोर्टात यायचं नाही. साहेबाचा निर्णय बरोबर की चूक हे कोर्ट बघतच नाही. कोर्ट आपल्यासाठी एकच गोष्ट बघणार आहे. साहेबाला निर्णय द्यायचा अधिकार होता का? आणि ते सांगणारा एकटाच आहे."

"म्हसोबा."

"म्हसोबा. उद्या तो नसेल, तर मनाई उठेल. मनाई उठली की त्याच दिवशी जेसीबी येईल, हे मी तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

४

एंजलनं सायकल काढली. मार्था म्हणाली, "आज बाहेर नगं जाऊ गं, लोकं तापल्यात." पण घरात बसून भिंतींकडं बघणं त्याहून वाईट होतं.

वस्तीच्या चहाच्या टपरीवर सर्जेराव खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. पायात चकचकीत बूट. एंजलला बघून त्यानं फोन कानापासून दूर धरला. "काय पोरी, शेण थापून झालं का?"

"झालं. दादा, तुम्ही देवाला मानता का हो?"

"मी? मी फक्त गाडीखाली लिंबू ठेवतो. ते बी ड्रायव्हर मागं लागतो म्हनून." तो मोठ्यांदा हसला.

त्याचा ड्रायव्हर जयसिंग टपरीच्या बाजूला ट्रॅक्टर पुसत होता. एरवी हा जयसिंग म्हणजे वस्तीतला हिरो. चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारायची, केसांवरून हात फिरवायचा. आज तो एकाच जागी उभा राहून पुसत होता.

"जयसिंगदादा, एक ग्लास पाणी द्या ना. माझा हात पोचत नाही."

माठ चार पावलांवर होता. जयसिंग निघाला आणि एंजलचे डोळे त्याच्या पायांवर खिळले. उजवी टाच तो टेकवतच नव्हता.

"पायाला काय झालं हो?"

"कुठं काय? पाना पडला."

"टाचेवर? खालून?"

जयसिंगनं ग्लास तिच्या हातात कोंबला. त्यानं चोरून सर्जेरावकडं बघितलं. "तू जा गं घरी. गप जा."

एंजल निघाली, पण घरी नाही. जयसिंगची मावशी साखरबाई म्हसोबाची रोजची माणूस. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या पोराचा ताप उतरेना, की लोक तिला घेऊन म्हसोबापुढं यायचे. ती दगडाला डाव्या उजव्या अंगाला ओले ज्वारीचे दाणे चिकटवायची, प्रश्न विचारायची, आणि उजवा दाणा आधी पडला की देव हो म्हणाला. याला कौल म्हणायचे. एवढी वर्षं ती रोज तेलाची वाटी घेऊन एंजलच्या अंगणातून जायची आणि जाताना मार्थापाशी सुनेची कागाळी करायची.

साखरबाई दारात बसून शेंगा फोडत होती.

"मावशी, म्हसोबा गेला."

"व्हय बाई. गेला."

"कुणी नेला असेल?"

"त्येची मर्जी."

एवढंच. ना रडणं, ना शिव्या, ना छाती पिटणं! ज्या बाईनं कोंबडी चोरणाऱ्याला आठवडाभर सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या होत्या, ती देव गेल्यावर शेंगा फोडत होती? सगळी वस्ती पेटली होती आणि जिचा देव तीच थंड. एंजलनं मान वर केली. कोनाड्यात तेलाची वाटी होती. काठोकाठ भरलेली, वर वात घातलेली.

देव नाही, मग आज वात कुणासाठी?

५

दिवस कलला तशी साखरबाई वाटी पदराखाली झाकून निघाली. बाभळीकडं नाही, उलट्या बाजूला, आपल्या वांग्यांच्या वाफ्याकडं. एंजलनं घरी जाऊन करुणाताईंना बोलावून आणलं होतं; दोघी अंतर ठेवून मागं.

कडब्याच्या गंजीमागं साखरबाई थांबली. चार पेंढ्या बाजूला केल्या. आणि तिथं, बांधावर, पूर्वेला तोंड करून, कपाळाला ताजं कुंकू लावून म्हसोबा बसला होता.

"मावशी," एंजल म्हणाली.

साखरबाई वळली. घाबरली नाही. दगडापुढं हात पसरून आडवी उभी राहिली, पिलांपुढं कोंबडी राहते तशी.

"न्हाई देनार!"

"आम्ही न्यायला नाही आलो," करुणाताई म्हणाल्या.

"मला ठाव हाय तुमचं! सर्जेरावनं सांगितलंय समदं. कोर्टाचा मानूस येनार, देवाला उपटनार, लाखेचा शिक्का मारनार, आन् शिरूरला नेऊन मुद्देमालाच्या खोलीत टाकनार. दारूचे क्यान, चोरीच्या सायकली, आन् त्यात माझा देव! वर चिठ्ठी बांधून! तिथं कोन घालनार त्येला तेल? शिपाई?"

एंजलला हसू यायला हवं होतं, पण साखरबाईचे डोळे भरून आले होते.

"म्हणून जयसिंगला घेऊन तुम्ही..."

"कौल लावला. उजवा पडला. मग उचलला. पोराला म्हनलं, आधी चपला काढ."

करुणाताई बांधावर बसल्या. "मावशी, कमिशनर फक्त बघतो आणि लिहितो. मुद्देमाल जप्त होतो तो फौजदारीत, आणि ही तसली केस नाही. देव न्यायचा हुकूम कोर्टानं दिलेला नाही, तो कागद मी वाचलाय. पण कोर्टाच्या वतीनं वचन देणं माझ्या हातात नाही. मी वचन दिलं तर ते खोटं होईल."

एंजलला वाटलं, ताई, देऊन टाका ना वचन! एक खोटं बोललं तर काय होतंय? उद्या आमचं घर...

साखरबाईनं वात पेटवली. "जावा तुमी. आन् माझ्या पोराची भाकरी सर्जेरावच्या हातात हाय, ते बी ध्यानात ठेवा."

"मावशी," एंजल पुढं होऊन म्हणाली, "सगळे म्हणतात पप्पांनी देव नदीत टाकला. तुम्हाला तरी माहितीय ना?"

साखरबाईनं तिच्याकडं बघितलं. मग वात शांत केली आणि पेंढ्या पुन्हा लावून टाकल्या.

६

सकाळी कमिशनरची जीप आली. चष्मेवाले, बारीक, घामेजलेले वकील. सोबत सरकारी वकील. वस्ती सगळी जमली होती, पण दूर, बांधाच्या पलीकडं. सर्जेराव मात्र जीपच्या दारापाशीच.

"साहेब, या, दगड खाली नदीला व्हता, जागा दाखवतो. यांनी टाकून दिला तो."

करुणाताई म्हणाल्या, "कमिशनर साहेब, आमचं म्हणणं आहे की दगड इथं, या बाभळीखाली होता."

"साक्षीदार?"

करुणाताईंनी बांधाकडं बघितलं. तिघांपैकी एकानं बिडी पेटवली. एक पाठमोरा झाला. तिसरा दिसतच नव्हता. बन्यामीननं मान खाली घातली आणि मार्थाचे ओठ हलायला लागले, प्रार्थना असणार. कमिशनरनं पेनचं टोपण उघडलं.

तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला.

जयसिंग चालवत होता, एक टाच उचलून. मागं ट्रॉलीत, कडब्याच्या गादीवर म्हसोबा, आणि त्याला मिठी मारून बसलेली साखरबाई.

"जयसिंग!" सर्जेराव गरजला. "गाडी माघारी घे! कामावरून काढीन!"

"काढा," जयसिंग म्हणाला. गाडी थांबली ती कमिशनरपुढंच.

साखरबाई खाली उतरली. "म्या नेला व्हता देव. या बन्यामीननं न्हाई. इथनं नेला, बाभळीखालनं. सर्जेराव म्हनला तुमी त्येला जप्त करनार, म्हनून नेला." मग ती एंजलकडं वळली. "कौल लावला व्हता गं पुन्यांदा. पडंना. डावा बी न्हाई, उजवा बी न्हाई. मग म्हनलं, देवाला कशाला तरास? मलाच ठाव हाय की खरं काय ते."

बांधावर कुजबुज सुरू झाली. एंजलला वाटलं, सुटलो! पण सरकारी वकिलांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, आपलं काम करत होता.

"कमिशनर साहेब, माझी हरकत नोंदवा. उपटलेला दगड आता कुठंही रोवता येईल. बाई म्हणतात इथं, हे गृहस्थ म्हणतात तिथं. एकाच्या शब्दापुढं दुसऱ्याचा शब्द. दगड सापडला, पण जागा नाही सापडली."

"बरोबर बोललं!" सर्जेराव टाळी वाजवायचाच बाकी होता.

करुणाताई हातातले कागद चाळायला लागल्या. एंजल सपाट मातीकडं बघत मनाशी म्हणाली, विचार कर, विचार कर! दगड काय करतो? उभा राहतो. साखरमावशी काय करते? तेल घालते. रोज. किती वर्षं! मग ते तेल जातं कुठं?

"पाणी!" ती किंचाळली. "साहेब, थांबा! पाणी आणते!"

ती दोन बादल्या घेऊन धावत आली. "साहेब, काल माझ्या हातून इथं पाणी सांडलं, तर ते मुरलंच नाही! सगळं माझ्या पायावर आलं. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. तुम्हीच ओता. म्हणजे कुणी म्हणायला नको मी काहीतरी केलं."

कमिशनरनं चष्मा सावरला, बादली घेतली आणि बाभळीखालच्या सपाट मातीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी अळवाच्या पानावर पळावं तसं थेंबाथेंबानं घरंगळलं. त्यांनी जरा बाजूला, हातभर अंतरावर ओतलं. माती गटागटा पिऊन गेली.

"खणा," ते म्हणाले.

जयसिंगनं फावडं मारलं. वरची तेलकट माती निघाली, आणि खालून काळीभोर, चिकट, खवट वासाची ढेकळं वर आली. बोटात धरली की बोटं तुळतुळीत. त्यांत शेंदराच्या पापुद्र्यांवर पापुद्रे, जुने, विटलेले.

"आता तुमची जागा दाखवा," कमिशनर सर्जेरावला म्हणाले.

सर्जेरावनं नदीकडं हात केला, पण त्या हातात पूर्वीचा जोर नव्हता. तिथं ओतलेलं पाणी क्षणात नाहीसं झालं. तिथली माती कोरडी, भुसभुशीत. तिनं आयुष्यात कधी तेल बघितलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी काळं ढेकूळ हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "माझी हरकत मी पुढं रेटत नाही."

कमिशनर जीपमध्ये बसेपर्यंत साखरबाई ट्रॉलीपुढून हलली नाही. त्यांनी देवाला हातही लावला नाही. हात मात्र जोडले.

७

निकालाच्या दिवशी शिरूरच्या कोर्टात पंखा बंद होता. न्यायाधीश बाईंनी इंग्रजीत वाचलं, मग चष्मा काढून मराठीत सांगितलं. घर शिरूर तालुक्याच्या हद्दीबाहेर आहे. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला तो द्यायचा अधिकारच नव्हता. म्हणून तो हुकूम बेकायदा आणि पाडकामाला कायमची मनाई. मात्र घर कायदेशीर की बेकायदेशीर यावर हे कोर्ट काहीही म्हणत नाही. ते ठरवायचा अधिकार दौंडच्या अधिकाऱ्यांचा.

बाहेर व्हरांड्यात बन्यामीन टोपी चुरगाळत उभा होता. "म्हंजी जिंकलो का न्हाई, वकीलबाई?"

"जिंकलो. घर कुणाचं हे नाही ठरलं. कुणी ठरवायचं तेवढं ठरलं."

"आन् दौंडवाल्यांचा कागद आला तर?"

"तर दौंडला भांडू. तिथं उत्तर द्यायची संधी तरी मिळेल. इथं कुणी आपल्याला विचारलंच नव्हतं."

हे काही पेढे वाटण्याजोगं उत्तर नव्हतं. सोबत आलेली साखरबाई मध्येच म्हणाली, "म्हंजी म्हसोबाच्या एका अंगाला दौंड, दुसऱ्या अंगाला शिरूर? मग त्येचं मत कुठल्या तालुक्याला?" आणि करुणाताई इतक्या जोरात हसल्या की शिपाई बाहेर डोकावला.

घरी आल्यावर मार्थानं लुगडंही बदललं नाही. तिनं आतून हातोडी आणली आणि एक लांब खिळा नवऱ्यापुढं धरला.

"ह्यो काय?"

"हितं ठोका. पोरीला दप्तर अडकवायला. घर पाडनार म्हनून थांबलो व्हतो न्हवं?"

बन्यामीननं भिंतीवर हात फिरवला. "पोपडा निघंल गं."

"निघू द्या," मार्था म्हणाली. "लिंपता येतोय."

त्यानं पहिला घाव जपून घातला. दुसरा त्याहून जोरात.